पंचाहत्तर

सांवेर रोडच्या शेव-कारखान्यातून फोन आला,
"मॅडम, तुमचं यंत्र खोटं बोलतंय."
पॅकिंगच्या खोलीत चाळिसाच्या खाली हवा असलेला आकडा
तीन दिवस अठ्ठावन्नावर अडून बसलेला.
लौंगशेव मऊ पडली, दुकानांतून पाकिटं परत आली.
सोलंकीजी म्हणाले, आजारी माणूस चालेल इंदुरात,
मऊ शेव चालत नाही.

पिशवीतून बरणी काढली.
आत मीठ, घरातलंच,
पाणी घालून खिरीसारखं केलेलं,
तळाशी थोडं न विरघळलेलं.
झाकण लावलं की बरणीतल्या हवेची ओल
पंचाहत्तरावर येऊन थांबते.
बाहेर श्रावण असो की वैशाखाची लू, तिथेच.
इतक्या शब्दाचं माणूस
मला अजून भेटायचं आहे.

सेन्सर भिंतीवरून उतरवला, बरणीत टांगला,
स्टुलावर बसून राहिले.
"आत आहे तरी काय एवढं?"
फार नाही. तिळाएवढ्या जागेत दोन पत्रे,
मधे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ थर.
हवेतली वाफ थरात शिरते, बसते, निघून जाते,
जितकी बसेल तितकी पत्र्यांची धारिता वाढते,
ती वाढ मोजायची, आकडा करायचा.
"म्हणजे भिजतं, आणि सांगतं."
हो, म्हटलं.
चार वर्षं शिकून मला हे
इतक्या कमी शब्दांत कधी जमलं नव्हतं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक जुनं यंत्र होतं,
काचेच्या पेटीत ताणून बांधलेला केस, टोकाला काटा.
दमट हवेत केस लांबायचा, काटा सरकायचा.
मी विचारलं होतं, केस कुणाचा?
सर म्हणाले, कुणाचाही चालतो,
तेल नसलं म्हणजे झालं.

पंचाहत्तर पूर्णांक एक.
यंत्र खरं निघालं.
मग ओल कुठून?

दाराचं रबर पाहिलं, जरा सैल, पण इतकं नाही.
हवा सुकवणारं मशीन घरघरत होतं,
त्याची बादली काठोकाठ. पाणी काढत होतं बिचारं,
कुठून तरी येतच होतं.
पाकिटं सील करणाऱ्या मशीनच्या मागे वाकले,
जिथे गरम हवा येते तिथे तार,
तारेवर शाळेचे नऊ शर्ट, निळ्या चड्ड्या, दोन फ्रॉक,
एका खिशावर धुऊन न गेलेली शाई.

खोलीतले सगळे हात पाकिटांवर,
कुणी वर बघेना.
शेवटी सुगनबाई पुटपुटली,
"ग्यारा दिन हो गए दीदी, घर पे सूखे ही नी."
बाणगंगेची एक खोली, तिला एक खिडकी,
खिडकीबाहेर दुसऱ्याची भिंत.
मला काही बोलता आलं नाही.
माझ्या पिशवीत पंचाहत्तर होतं फक्त.

सोलंकीजी दारातून हाक मारत होते,
सापडलं का काही?

कागदावर लिहिलं:
सेन्सर अचूक. दाराचे रबर सैल, बदलावे.
खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं,
सही मात्र रोजच्यासारखी झाली.
जाताना सुगनबाईला हळूच म्हटलं,
तळणाच्या भट्टीमागची भिंत रात्रभर तापलेली असते,
तिथे माझं यंत्र नाही.

सेन्सर खिळ्यावर परत लावला.
तार रिकामी झाल्यावर आकडा लगेच उतरला नाही,
थोडा वेळ हट्ट धरून बसला,
मग छप्पन्न, चोपन्न,
मी गाडीला किक मारली तेव्हा एकोणपन्नास.

उद्या सकाळी बाणगंगेच्या शाळेत
प्रार्थनेच्या रांगेत उभ्या मुलांतून
लवंगेचा आणि तेलाचा वास येईल.
बाई नाक उडवून विचारतील, कोण आहे रे?
नऊ-दहा हात वर होतील.